टकटकमामा

टकटकमामा कुठलंही दार नुसतं उघडत नसत. आधी उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर दोनदा दारावर वाजवायचं, कान जरा तिरका करायचा आणि मगच कडीला हात घालायचा. दार सताड उघडं असलं तरी. नारळ, कलिंगड, पत्र्याची पेटी, टपरीवरचा चहाचा ग्लास, सायकलीचं मडगार्ड, काहीही असो, वाजवून पाहिल्याशिवाय मामांची त्याच्याशी ओळख होत नसे. माझ्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा त्यांनी आधी पाळण्याची दांडी वाजवून पाहिली. मुलगी वाजवली नाही हे आपलं नशीब, असं माझी बायको अजून म्हणते.

हे मामा माझ्याकडे कामाला होते. म्हणजे कागदोपत्री मी मालक आणि ते कारागीर. प्रत्यक्षात कोण कोणाकडून शिकत होतं ते पुढे कळेलच. चिंचवड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझी फायबरग्लासची शेड होती. मोठ्या कंपनीतली बरी नोकरी सोडून मी ती टाकली होती, कारण साहेबाचं ऐकून घ्यायचा माझा स्वभाव नव्हता. मग स्वतःच साहेब झालो आणि दहा गिऱ्हाइकांचं ऐकून घेऊ लागलो. त्या दिवसांत आमच्याकडे सगळी वस्ती भोंग्यावर उठायची आणि भोंग्यावर जेवायची. कंपन्यांना मशीनवरची कव्हरं, पाण्याच्या टाक्या, असलं काही ना काही लागायचं, ते आम्ही करून द्यायचो. साच्यावर काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, तिच्यात ब्रशने रेझिन नावाचा चिकट रस जिरवायचा, रोलर फिरवून हवा काढायची आणि वाळू द्यायचं. अंगाला भयंकर खाज सुटायची, म्हणून शेडच्या खांबाला खोबरेलाची बाटली कायम टांगलेली असे.

मामा काम मागायला आले तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. धोतर, टोपी, आणि हात मात्र अंगापेक्षा दोन मापं मोठे.

“काय येतं?” मी विचारलं.

“माती,” ते म्हणाले. “आमी कुंभार.”

“इथे मातीचं काम नाही, मामा.”

“बरं,” म्हणून ते वळले, आणि जाता जाता भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका तयार कव्हरावर त्यांनी सवयीनं बोट वाजवलं. थांबले. चार बोटं पलीकडे पुन्हा वाजवलं. “ह्ये बद्द हाय बघा. हितं.”

तो माल मी स्वतः तपासून पास केलेला होता. माझं डोकं फिरलं. यांना एकदा दाखवूनच द्यावं म्हणून मी करवत मागवली आणि त्या जागी कव्हर कापलं. आत तळहाताएवढी मॅट रेझिन न पिता तशीच कोरडी, पांढरीफटक बसलेली. दुसऱ्या दिवसापासून मामा कामावर आले. टकटकमामा हे नाव आमच्या बबननं पहिल्याच आठवड्यात ठेवलं. बबन माझा दुसरा कारागीर, हातानं चपळ आणि तोंडानं त्याहून चपळ.

मामांच्या जगात दोनच प्रकार होते, खणखणीत आणि बद्द. नीट भाजलेलं मडकं खणखणीत वाजतं. आत कुठे चीर असली की तेच मडकं बद्द वाजतं, वरून कितीही देखणं दिसो. हा हिशेब ते सगळ्यांना लावत. पगाराच्या दिवशी गोड बोलणारा बबन बद्द. तोंडावर शिव्या देणारा टपरीवाला खणखणीत. एकदा मी कुरकुरलो, “मामा, गिऱ्हाइकासमोर तरी माल बद्द आहे असं म्हणू नका हो.” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “बद्द असंल तर बद्द म्हनावं, साहेब. मडकं काय रागावत न्हाई. रागावतं ते मानूस.”

त्यांचं गाव पवनेच्या धरणात गेलेलं होतं. गावाचं नाव ते कधी घेत नसत, नुसतं ‘खाली’ म्हणत. “खाली आमचा आवा व्हता, येका टायमाला शंभर मडकी भाजायचो.” “खाली असतानाच थोरलीचं लगीन झालं.” नव्या माणसाला वाटे, मामा पूर्वी तळमजल्यावर राहत असतील. पाणी चढलं तेव्हा धाकटा भाऊ दुसऱ्या गावात जागा घेऊन राहिला, आणि मामा बायकोला घेऊन चिंचवड गावठाणात एका खोलीत आले. त्यानंतर त्या पाण्याकडे ते एकदाही फिरकले नव्हते. एकदा धरणाजवळच्या कुठल्याशा विश्रामगृहासाठी आम्हाला टाक्या करायच्या होत्या. मामांनी टाकीला हात लावला नाही. “त्या पान्याचं काम मला सांगू नगा,” एवढंच म्हणाले. टाक्या बबननं केल्या.

हे मला पक्कं ठाऊक असताना मी जे केलं, ते आता सांगतो.

आमच्याच भागात एक निवृत्त कर्नल राहत. कोण्या कंपनीत मशीन बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना आपली अठरा फुटी शिडाची नाव त्यांना देऊन गेला होता. फायबरग्लासची नाव तोवर मी फक्त मासिकात पाहिलेली. कर्नलसाहेबांच्या कंपाउंडमध्ये ती काही वर्षं कडुनिंबाखाली उभी होती. खालचं अंग धडधाकट, पण वरचा डेक, म्हणजे ज्याच्यावर उभं राहून शीड ओढायचं तो पृष्ठभाग, पाय दिला की दबायचा. एका सकाळी ती नाव बैलगाडीवरून माझ्या शेडमध्ये आली. मागोमाग काठी टेकत कर्नलसाहेब आले. “दसऱ्याला पाण्यात पाहिजे,” ते म्हणाले. भाद्रपद लागला होता. मी छाती पुढे काढून हो म्हणालो.

मामांनी नावेभोवती दोन फेऱ्या मारल्या. “ह्ये तर आडवं मडकं,” म्हणाले, “आन् वर झाकान.” मग खडू घेऊन डेकवर चढले आणि गुडघ्यांवर रांगत वीत-वीतभर वाजवत निघाले. जिथे बद्द वाजे तिथे गोल काढत. दुपारपर्यंत डेकला कांजण्या आल्यासारखं झालं. वरची काचेची साल कापून काढल्यावर कळलं, की खाली लाकडाचा थर आहे आणि त्याखाली पुन्हा काचेची साल. मधलं लाकूड भिजलेल्या भाकरीसारखं हाताला येत होतं. दोर अडकवायच्या कड्यांचे बोल्ट जिथून आत गेले होते, त्या भोकांतून थेंब थेंब पाणी वर्षानुवर्षं मुरलं होतं.

“मडकं न्हाई गळत साहेब, भोक गळतंय,” मामा म्हणाले. “भोकाला काठ न्हाई केला त्येनी.” आणि प्रत्येक बोल्टच्या जागी भोवतीचं लाकूड कोरून, तिथे घट्ट रेझिन भरून, त्यात नवं भोक पाडायचं असं त्यांनी आपणच ठरवून टाकलं. नंतर कळलं, की या कामातले जाणकार नेमकं असंच करतात. मामांनी ते मडक्याच्या काठावरून काढलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, “ही कुठल्या पान्यात जायाची?”

“खडकवासल्याला,” मी म्हणालो.

कसं तोंडातून गेलं कळलं नाही, असं लिहायला सोपं आहे, पण ते खरं नाही. चांगलं कळून सवरून गेलं. नाव पवनेच्या पाण्यात जाणार हे कर्नलसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मामा हात लावणार नाहीत आणि बबनला हे काम झेपणार नाही, हेही मला माहीत होतं.

नवं लाकूड बसवण्याआधी आतली ओल घालवणं हे खरं काम होतं, आणि बाहेर भाद्रपदातली रिपरिप चालू. रेझिनच्या शेडमध्ये विस्तव आणायची सोय नाही, भडका उडाला तर शेडसकट आम्ही गेलो असतो. मामांनी कुंभाराचा उपाय काढला. दूर कंपाउंडच्या कोपऱ्यात भुसा जाळून राख करायची, विस्तव पूर्ण विझला की ती गरम राख गोणपाटाच्या पिशव्यांत भरून उघड्या डेकवर मांडायची. राख ऊबही द्यायची आणि ओलही ओढून घ्यायची. दर दोन तासांनी पिशव्या बदलायच्या. ओल संपली की नाही ते पाहायला ते संध्याकाळी एक काचेचा ग्लास डेकवर उपडा ठेवत आणि कडेनं मेण लावत. सकाळी ग्लासाच्या आत दव दिसलं की पुन्हा राख. असे आठ-नऊ दिवस गेले. रोज दव. मी रोज चिडत होतो, आणि मामा रोज ग्लास पुसून पुन्हा उपडा ठेवत होते.

मग पितृपंधरवडा आला आणि मामांनी दोन दिवसांची सुट्टी मागितली. वडिलांचा म्हाळ भावाच्या घरी घालायचा होता. निघताना म्हणाले, “वाडवडील समदे खाली राह्यले, साहेब. आन् आमी घास वर ठेवतो. पोचतो का न्हाई द्येव जाणे.” मग डेककडे पाहून म्हणाले, “दव हाय तवर झाकू नगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्लास पाहिला. दव होतं. थोडंच होतं. दसऱ्याला पंधरा दिवससुद्धा उरले नव्हते. मी ग्लास पुसून कपाटात ठेवला आणि बबनला म्हणालो, “घे, बसव.” त्या दोन दिवसांत प्लायवुडचे तुकडे बसले, त्यांवर साल चढली. इतका गुळगुळीत डेक झाला की बबननं त्यात बघून कंगव्यानं भांग पाडून घेतला.

मामा परत आले ते थेट नावेवर चढले. टोकापासून वाजवत आले आणि मधोमध, डोलकाठीच्या जागेपाशी थांबले. तिथेच पुन्हा वाजवलं. पुन्हा.

“ग्लास कुठाय?”

“कपाटात.”

“दव व्हतं?”

“नव्हतं,” मी म्हणालो. एक खोटं पचलं की दुसऱ्याला जीभ अडत नाही.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तेवढ्यात कर्नलसाहेब आले. डेक पाहून खूश झाले. “वा! पवनेला पाणी काठोकाठ भरलंय. यंदाचं सीमोल्लंघन पाण्यावरून,” असं म्हणत त्यांनी नावेला एक प्रदक्षिणा घातली.

मामा डेकवरून खाली उतरले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही, तो त्यांनी कधीच चढवला नाही. “झाकान बद्द हाय ते आल्या आल्या कळलं, साहेब,” ते म्हणाले. “तुमी बद्द हाय ते आत्ता कळलं.”

ते बाहेर निघून गेले. बबन रोलर धुवायच्या निमित्ताने पाठमोरा झाला. मला भयंकर लाज वाटली. वडिलांनी हात उगारला तेव्हाही मला इतकी लाज वाटली नव्हती. मामा आता परत येत नाहीत, हे मी धरून चाललो. डेकचं काय होईल, हा विचार त्या वेळी मनात आलाही नाही. या माणसाच्या कानात आता मी कायमचा बद्द, एवढंच डोक्यात होतं.

अर्ध्या तासाने मामा आले. चहा पिऊन आले होते. त्यांनी करवत उचलली.

“मामा, तुम्हाला नको असेल तर—”

“ती नाव माझ्या घरावरनं जानार,” ते म्हणाले. “बुडाली तर कुटं बुडंल? माझ्या उंबऱ्यावर. तितं मला कुनाचं मरान नगं.” आणि त्यांनी तो गुळगुळीत डेक उभा चिरला.

कर्नलसाहेब तोवर तिथेच थांबले होते, ते आधी लालबुंद झाले. मामांनी त्यांना काही समजावलं नाही. त्यांचं बोट धरलं, आधी एका जागी वाजवलं, मग वीतभर पलीकडे. कर्नलसाहेबांनी स्वतःहून पुन्हा दोन्हीकडे वाजवून पाहिलं. “दिवाळीचा पाडवा,” ते म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले.

पुढचे दिवस राखेच्या पिशव्या मी वाहिल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं. मामा माझ्याशी कामापुरतं बोलत, “ही तिकडं,” “ती गार झाली,” एवढंच. रोज सकाळी ते ग्लासापासून बाजूला उभे राहत आणि म्हणत, “तुमी बगा.” मी बघायचो आणि म्हणायचो, “आहे.” असे किती दिवस ‘आहे’ म्हणालो ते आठवत नाही. दसरा गेला, पाऊस हटला, ऊन पडलं. एका सकाळी ग्लास कोरडा ठणठणीत निघाला. मी तीन वेळा पाहिला, बाहेर उजेडात नेऊन पाहिला आणि मग म्हणालो, “नाही.” मामांनी ग्लास हातात न घेताच म्हटलं, “चला, बसवू.” त्या दोन शब्दांनी मला किती बरं वाटलं ते मी बायकोलाही नीट सांगू शकलो नाही.

डेक झाला. शेवटच्या थरावर मामांनी चाळलेली बारीक रेती भुरभुरली, ओल्यात पाय घसरू नये म्हणून. मग टोकापासून टोकापर्यंत रांगत गेले. शेड घुमत होती.

पाडव्याला ट्रकमधून नाव धरणावर गेली. मामा येतील असं मला वाटलं नव्हतं, पण सकाळी धुतलेलं धोतर नेसून ते ट्रकपाशी उभे होते. पाणी दिसलं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नाव पाण्यात सोडल्यावर ते काठावरच थांबले. कर्नलसाहेब म्हणाले, “मामा, आमच्याकडे एक रीत आहे. ज्यानं डेक केला त्यानं पहिल्यांदा वर उभं राहायचं. खात्री नसेल तर राहू द्या.” मामांनी वहाणा काठावर काढल्या आणि देवळात शिरावं तसे वर चढले. मला पोहता येत नाही, पण मीही चढलो. त्या दिवशी काठावर थांबणं मला जमलं नसतं.

वारा बेताचा होता. मामा डोलकाठीला धरून उभे राहिले आणि डोंगर बघत राहिले. तुंगाचा सुळका, पलीकडचा तिकोना. मग हातानं खुणा करू लागले, थोडं इकडं, अजून थोडं. “आव्यापाशी उभं राह्यलं की तुंगाचं टोक त्या खिंडीच्या वर यायचं,” ते म्हणाले. टोक खिंडीवर आलं तसं म्हणाले, “हितं.” कर्नलसाहेबांनी शीड सैल सोडलं. नाव जागच्या जागी हलकेच डुलत राहिली.

मामा डेकवर बसले. बोटाचं पेर टेकवून त्यांनी तीनदा वाजवलं आणि कान लावला.

“काय मामा? बद्द?”

“न्हाई, न्हाई. झाकान खणखणीत हाय,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “खालच्यास्नी सांगितलं, आलो व्हतो म्हनून.”

कर्नलसाहेब दुसरीकडे बघू लागले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामांनी काम सोडलं. काचेची धूळ छातीत बसली होती, आणि भावानं नव्या गावी चाक मांडलं होतं. निरोप घ्यायला आले ते डोक्यावर एक माठ घेऊन. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की काठ उघडा पडतो. तिथली माती आणून त्यांनी तो घडवला होता. आता ते त्या पाण्याकडे जाऊ लागले होते. “खालची हाय,” ते म्हणाले. “घ्या. वाजवून घ्या.”

“तुमच्या हातचं काय वाजवायचं, मामा?”

“माझ्या हातचं हाय म्हनून तर. मानूस बघून मडकं घेऊ नगा.” ते खरंच रागावले होते. मी माठ वाजवला. खणखणीत वाजला. “आता तुमचा,” ते म्हणाले, उघड्या दारावर दोनदा बोट वाजवून बाहेर पडले आणि स्टेशनाकडे चालू लागले.

काही वर्षांनी त्यांचा पुतण्या ते गेल्याचं सांगायला आला. कर्नलसाहेबही राहिले नाहीत. नाव कोणीतरी नेली, कुठे ते ठाऊक नाही. माझ्या शेडच्या जागी आता पाच मजली इमारत आहे. माठ मात्र राहिला. दर गुढीपाडव्याला मी तो माळ्यावरून काढतो, पुसतो, कानाशी नेऊन वाजवतो, आणि मगच त्यात पाणी भरतो.

यंदाही काढला. पुसला. वाजवला. मग जरा फिरवून पुन्हा वाजवला. वरून एक चीर दिसत नव्हती.

“कसा आहे?” बायकोनं ओट्याजवळून विचारलं.

चांगला आहे म्हणालो असतो, तर तिनं पाणी भरलं असतं, आणि निदान त्या दिवशी तरी कोणाला काही कळलं नसतं. मी माठ दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

“बद्द आहे,” मी म्हणालो.